शेवटच्या रांगेतल्या बाई

बाई,

परवा तुमची शोकसभा झाली. समर्थनगरातल्या शाळेच्या त्याच हॉलमधे, जिथं आपला रविवारचा वर्ग भरतो. माईकवाल्यानं दोन्ही बाजूंना मोठे स्पीकर लावले होते. पहिले वक्ते उभे राहिले आणि माईक असा किंचाळला, की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी कानांवर हात ठेवले. मग आवाज कमी केला, तर तिसऱ्या रांगेच्या मागं काही पोचेना. वक्ते तुमच्याविषयी चांगलंच बोलत असणार, चेहऱ्यावरून तसं वाटत होतं. मधेच त्यांनी तुमच्या 'पष्ट उच्चारां'चं कौतुक केलं आणि मला हसू फुटलं. मी मान खाली घातली. शेजारी तुमच्या सूनबाई, मेघावहिनी, तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या. मला वाटलं, रडतायत. त्या माझ्याकडं झुकून म्हणाल्या, "आई असत्या तर आत्ता उठून उभ्या राहिल्या असत्या. 'अहो, मागे काही येत नाहीये!'" मग आम्ही दोघं तुमच्याच शोकसभेत हसू दाबत बसलो. लोकांनी काय समजायचं ते समजू दे.

मलाही चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी माईक बाजूला केला आणि बोललो. मागच्या भिंतीपर्यंत गेलं, खात्री आहे माझी. पण ते सगळं सभेत बोलायचं बोलणं होतं. तुम्ही मूळच्या नाशिकच्या, काही वर्षं रेडिओवर निवेदन केलं, मग यजमानांच्या नोकरीमुळं इकडं आलात, नाटकातल्या पोरांना बोलायला शिकवलंत, वगैरे. यातलं तुम्हाला काय सांगायचं? तुम्हाला माहीतच आहे. तुमच्याशी बोलायचं राहिलंय ते वेगळं.

मी तुमच्यासमोर पहिल्यांदा उभा राहिलो तो दिवस तुम्ही पुढं अनेकांना सांगितलात, दर वेळी थोडा वाढवून. मी लासूर स्टेशनच्या बाजूच्या गावातला, धनगराचा. घरात मेंढरं. आमच्यात कुणी हळू बोलतच नाही. माळावर एक माणूस या टोकाला, एक त्या टोकाला, मधे मेंढरं आणि वारा. कॉलेजसाठी शहरात आलो, होस्टेलच्या पोरांबरोबर एक नाटक बघितलं आणि आपणही असं उभं राहून बोलावं असं वाटायला लागलं. कुणीतरी तुमच्या वर्गाचं सांगितलं. हॉल रिकामा होता. तुम्ही अगदी शेवटच्या रांगेत बसला होतात, मांडीवर पिशवी, पिशवीत मेथीची जुडी. मी स्टेजवर. तुम्ही तिथूनच विचारलंत, "नाव काय तुझं?"

"भागिनात."

"काय?"

मला वाटलं म्हातारबाईला ऐकायला कमी येतं. मी ओरडलो, "भागिनात!"

"आवाज चांगला आहे. पार रस्त्यापर्यंत गेला असेल. नाव मात्र इथे आलं नाही. शेवटी काय आहे, त का थ?"

"थ."

"मग दे की मला तो थ. आईवडिलांनी दिलेला आहे, तू का ठेवून घेतोस?"

मला राग आला होता, बाई. हॉलमधून बाहेर पडून कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला आणि त्या टपरीवाल्याला ऐकू जाईल असं 'थ, थ' करत उभा राहिलो. त्यानं मला दुसरा कप दिला आणि म्हणाला, "गरम था क्या?" पुढच्या रविवारी मी परत आलो. 'भागिनाथ' म्हणालो. तुम्ही मेथीची काडी हातात धरून मान हलवलीत. तुमच्याकडून एवढीच शाबासकी मिळायची.

मेथी, कधी गवार, थंडीत मटार. वर्गात तुम्ही कायम काहीतरी निवडत असायचात. स्टेजवरचं वाक्य पोचलं तर हात चालू, नाही पोचलं तर हात वर. त्या वर गेलेल्या हाताची आम्हाला जेवढी भीती वाटायची, तेवढी परीक्षेचीही नाही वाटली. तुम्ही कधी 'मोठ्यानं बोल' म्हणाला नाहीत. "सावकाश. आवाज घशातून नको, पोटातून येऊ दे. शेवटचं अक्षर गिळू नकोस. तोंड उघड, जीभ हलव, ओठ कशाला दिलेत?" एवढंच. आम्ही आरशासमोर उभे राहून एकेक शब्द चघळायचो. होस्टेलचा माझा खोलीसोबती म्हणायचा, "ह्येला लकवा झाला की काय?"

पहिल्या वर्षी तुम्ही आम्हा सगळ्यांना वेरूळला नेलंत. मूर्ती बघायला नेताय असं वाटलं होतं. तुम्ही सरळ त्या छताला दगडी बरगड्या असलेल्या लेण्यात घेऊन गेलात, बुद्धाच्या मोठ्या मूर्तीसमोर, आणि मला म्हणालात, "बोल काहीतरी. अगदी मनापासून." मला काय, तेच पाहिजे होतं. मी छाती भरून दोन वाक्यं ठोकली. लेणं असं घुमलं की अंगावर काटा आला. मी स्वतःवरच खूश झालो. बाहेरगावचे दोन प्रवासी टाळ्या वाजवायला लागले. तुम्ही त्यांच्याकडं वळून विचारलंत, "काय म्हणाला हो हा?" त्यांनी एकमेकांकडं बघितलं. आपल्या मुलांना विचारलंत, कुणालाच सांगता येईना. मग तुम्ही स्वतः एक साधं वाक्य बोललात. घरी बोलावं तसं, प्रत्येक शब्दानंतर मागचा आवाज निवू देत. "सगळ्यांनी... डबे... आणलेत का?" दाराबाहेर चप्पल घालत असलेला आपला एक पोरगा तिथून म्हणाला, "हो बाई!" परत येताना गाडीत तुम्ही म्हणालात, "अशा जागी देवसुद्धा सावकाशच बोलत असणार." त्या दिवशी मला कळलं, की मी इतकी वर्षं नुसताच ऐकू जात होतो.

आपलं भांडण मात्र तेव्हापासूनचंच. तुम्हाला 'लई' चालायचं नाही. "खूप म्हण." 'इथं' नको, 'इथे' म्हण. मी म्हणायचो, "बाई, आमच्याकडं असंच बोलतेत." तुम्ही म्हणायचात, "घरी बोल. स्टेजवर सगळ्यांचं बोलावं लागतं." मी विचारायचो, "सगळ्यांचं म्हणजे नाशिकचं का?" मग तुम्ही माझ्याशी दोन-तीन रविवार कामापुरतंच बोलायचात. तरी वर्गात नवीन कुणी पोरगं गावाकडून आलं की त्याला माझ्याकडंच पाठवायचात. "भागिनाथकडे जा, तो तुझ्या भाषेत समजावेल." मला त्याचा रागही यायचा आणि आतून बरंही वाटायचं.

पुढं मला शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली. रविवारी तुमच्या वर्गात मदतीला यायला लागलो. एकदा ज्योतीनगरला तुमच्या घरी आलो होतो. तुम्ही चहा ठेवलात, शेजारच्या शेगडीवर कुकर. आपण कुठल्यातरी एकांकिकेवर बोलत होतो. कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मग परत. मला वाटलं तुम्ही उठाल. तुम्ही बोलता बोलता थांबलात आणि म्हणालात, "एकही शिट्टी कशी झाली नाही अजून? गॅस संपला की काय?"

मी उठून शेगडी बंद केली. परत येऊन तुमच्यासमोर बसलो. तुम्हाला कळलं, की मला कळलं.

"कधीपासून, बाई?"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"तुम्हाला हळू ऐकू येतं का?"

"तेवढंच तर येत नाही," असं म्हणून तुम्ही हसलात. मग सगळं सांगितलंत. वर्षागणिक थोडं थोडं जात गेलं. आवाज येतो, शब्द येत नाहीत. 'आ' येतो, 'ओ' येतो, मधलं सगळं गळून जातं. 'स' तर केव्हाच गेला. घरच्यांना माहीत होतं, त्यांना तुम्ही गप्प बसवलं होतं. आणि शेवटच्या रांगेत बसून तुम्ही आम्हाला ऐकत नव्हतात. आमचे ओठ वाचत होतात. तुमचे डोळे तिथून स्टेजवरचा डास बघतील असे. "ज्याचा शब्द मला इतक्या लांबून दिसतो," तुम्ही म्हणालात, "त्याचा शब्द ऐकणाऱ्याला ऐकू जातोच. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नाही."

मी म्हटलं, कानाचं यंत्र घ्या. तुम्ही म्हणालात, "उच्चार शिकवणारी बाई कानात यंत्र घालून बसली तर शाळा हॉल देईल का मला? उद्या दुसऱ्या कुणाला देतील. वर्ग गेला तर मी रविवारी काय करू, भागिनाथ? मेथीच निवडू?"

मग मी कुणाला बोललो नाही. आपण वाटणी केली. जे ओठांवर दिसतं ते तुमचं, जे दिसत नाही ते माझं. स आणि श, क आणि ख, न आणि ण. हे सगळं तोंडाच्या आत घडतं, लांबून कुणालाच दिसत नाही. ते ऐकायचं काम माझं. पंचाईत अशी, की ज्या माणसाचा स्वतःचा 'ण' कधी असायचा कधी नसायचा, त्याच्या ताब्यात तुम्ही अख्ख्या वर्गाचा 'ण' दिलात.

काही वर्षं छान चाललं. मग आरेफा आली.

सिल्लोडची पोरगी. वडील कापसाच्या जिनिंगमधे कामाला. इथं मावशीकडं राहून कॉलेज करत होती. तिचं वाचन ऐकलं आणि मी चकित झालो. आवाज लहान, पण त्यात असं काही होतं की ऐकणारा पुढं सरकून बसायचा. बोलताना मात्र ओढणीचं टोक तोंडावर. कायम. तुम्ही हात वर केलात. तिनं परत वाक्य म्हटलं, ओढणीआडून. तुम्ही परत हात वर. पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही म्हणालात, "नाही पोचत. बस खाली." त्यानंतर ती आलीच नाही.

मी तिच्या मावशीकडं गेलो. कळलं, की ती कॉलेजला सुट्टी टाकून घरी निघून गेलीय. मावशी म्हणाली, "बोलती, मॅडमकू मेरा बोलनाच पसंद नहीं." मी तसाच तुमच्याकडं आलो आणि आपलं जन्मातलं सगळ्यात मोठं भांडण झालं. मी म्हटलं, बाई, ती पोरगी समजतीये की ती आपल्यातली नाही म्हणून तुम्ही तिला बसवलं. तुम्ही ताडकन म्हणालात, "असं मी कधी केलं?" मी म्हटलं, "नाही केलं. पण तिला कसं कळणार? तुम्ही सांगितलं का तिला?"

तुम्ही उठलात आणि पर्समधले पैसे मोजलेत. मग म्हणालात, "उद्या सिल्लोडची गाडी किती वाजता आहे?"

एसटीत शेजारी बसलं की तुम्हाला माझे ओठ दिसत नाहीत, त्यामुळं घाट गेला, फुलंब्री गेलं, आपण गप्प. मधेच एकदा तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, "तिथे तू बोलायचं नाहीस हं." बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या.

आरेफाच्या घरी तिच्या वडिलांनी खुर्च्या मांडल्या, आईनं पाणी आणलं. आरेफा आतल्या दारात, ओढणी तोंडावर. तुम्ही विचारलंत, "तू वर्गाला का येत नाहीस?" ती काहीतरी बोलली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. सवयीनं मी सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही हात आडवा केलात.

"आरेफा, तू आत्ता काय म्हणालीस ते मला कळलं नाही. मला ऐकू येत नाही. आवाज येतो, शब्द येत नाहीत. मी माणसांचे ओठ बघून समजून घेते. तू तोंड झाकतेस, मग माझ्या लेखी तू गप्पच असतेस. तुझं काहीही चुकत नव्हतं. मी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

मग तिची आई म्हणाली, "सुनाई नहीं देता? फिर पढाते कैसे?"

"बघून," तुम्ही म्हणालात.

आरेफानं ओढणी खाली घेतली. पुढचे दात जरा बाहेर, एवढंच. ती एका दमात बोलली, अर्धं मराठी, अर्धं घरचं. "मॅडम, मेरेकू लगा आप मेरेसे नाराज है. हम मराठी बोलते तो कॉलेज में सब हसते. आणि माझे दात असे. शाळेत मुलं चिडवायची, तेव्हापासून हात जातोच तोंडावर."

तुम्ही खुर्ची ओढून तिच्यासमोर नेलीत. "परत बोल. 'हसते' म्हण." ती म्हणाली. "अख्ख्या वर्गात इतका स्वच्छ 'स' मी पाहिला नाही. आणि तू तो ओढणीत गुंडाळून ठेवतेस?"

पोरगी रडता रडता हसली. मग तिनं जे केलं त्याला तुम्ही पुढं कायम 'सिल्लोडचा तह' म्हणायचात. ती म्हणाली, "मैं हात निकालती. पर आप भी मशीन लगाओ. मेरी नानी लगाती. पहले पहले बहुत आवाज आता, फिर आदत होती."

तिचे वडील कानकोंडे झाले. "अगं, बड्यांशी असं बोलतेत का?" पण तुम्ही हात पुढं केला होतात, आणि तिनं तो धरला होता.

तुम्ही यंत्र घेतलंत. वर्गाला स्वतः उभं राहून सांगितलंत. मग शाळेच्या मुख्याध्यापिकांकडं गेलात, हॉल परत द्यायच्या तयारीनं, मी बाहेर दाराशी उभा. आतून त्यांचं हसणं आलं. "अहो बाई, शिपाई दर रविवारी हॉल बंद करायची घंटा वाजवून दमतो, तुम्ही जागच्या हलत नाही. आम्हाला माहीत नसेल का? चहा घेणार ना?" बाहेर आल्यावर तुम्ही माझ्यावरच चिडलात. "सगळ्या शहराला माहीत होतं आणि मी मूर्खासारखी लपवत बसले!" पण त्या दिवशी तुम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर उभ्यानं भजी खाल्लीत, जे तुम्ही कधी करत नव्हतात.

यंत्र लावून पहिल्या रविवारी हॉलमधे आलात. आधी पंख्याकडं बघितलंत. "हा इतका ओरडतो?" मग शेवटच्या रांगेत बसलात. एका पोरानं स्टेजवरून वाक्य सुरू केलं, "पानी आन रे." तुमचा हात वर. दुसरी पोरगी, "कोन हाय तिकडं?" परत हात. तुम्ही उठून उभ्या राहिलात. "भागिनाथ! यांचे ण कुठे आहेत? तुझ्याकडे दिले होते ना सांभाळायला?"

मी म्हटलं, "बाई, ज्यांच्या घरी होते त्यांचे आहेत. ज्यांच्या घरी नव्हते..."

"म्हणजे तू स्वतःसुद्धा अजून 'पानी'च म्हणतोस?"

"व्हय," मी म्हटलं. वर्ग खो खो हसला. तुम्हीही हसलात, पण भांडण सोडलं नाहीत. किती वेगळ्या जागी आपण ते भांडलो! टपरीवर, तुमच्या ओट्यावर, एकांकिका स्पर्धेत पडद्यामागं कुजबुजत. हळूहळू तुम्ही 'लई'ला जागा दिलीत, 'इथं'ला दिलीत. 'ण'वर अडून बसलात. शेवटी तुम्ही तुमचं म्हणणं एका वाक्यात आणलंत, "'पानी' म्हणायचं तर ठरवून म्हण. चुकून नको." यावर मी विचारलं होतं, "माझी आई ठरवून म्हणती का, बाई? मग ती चुकतीये का?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि बोटानं कानामागचं यंत्र बंद केलंत. उत्तर नसलं की तुम्ही असंच करायचात. त्याचं उत्तर द्यायचं तुमच्याकडं राहिलंय. मलाही ते नक्की ठाऊक आहे असं नाही. पोरांना शिकवताना मी तुमचंच वाक्य सांगतो, आणि गावी आईशी बोलताना माझं.

आरेफाच्या स्पर्धेचा दिवस आठवतो का? तिनं स्वतः लिहिलेलं एकपात्री होतं, जिनिंगमधे कापूस निवडणाऱ्या बाईचं. दखनी आणि मराठी एकमेकांत मिसळलेलं, तिच्या घरात बोलतात तसं. परीक्षकांना भाषा झेपेल का, अशी मला धास्ती होती. तुम्ही हॉलमधे आलात, शेवटची रांग धरलीत आणि कानातलं यंत्र काढून पर्समधे टाकलंत. मी विचारलं, "हे काय?" म्हणालात, "बघू दे मला." ती उभी राहिली. दोन्ही हात खाली. चेहरा उघडा, दात उघडे. शेवटी ती बाई घरी येते आणि दारातूनच लेकीला हाक मारते, तिथं तिनं आवाज इतका खाली आणला की मला वाटलं, गेलं, बुडालं. मी तुमच्याकडं बघितलं. तुमचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. शब्द न शब्द.

बक्षीस दुसऱ्या कुणाला गेलं. तुम्ही विंगेत जाऊन तिला म्हणालात, "मला सगळं कळलं." त्यावर ती पोरगी जी तुमच्या गळ्यात पडली, ती बक्षीस मिळालेल्या पोरांचे फोटो काढून झाले तरी सोडेना.

बाई, तुमच्यामुळं माझं काय झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही तशी संधी दिली नाहीत. मी जरा गंभीर झालो की तुम्ही म्हणायचात, "नाटकी बोलू नकोस." मग मी पोरांच्या तक्रारी सांगायचो, आणि आपण नेहमीच्या रस्त्याला लागायचो. मेघावहिनींचा फोन आला त्या दुपारी दवाखान्यात येतानाही मी वाटेत ठरवत होतो, की आज सांगायचंच.

तुम्ही पलंगावर होतात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे मिटलेले. यंत्र काढून नर्सनं मेघावहिनींकडं दिलेलं. म्हणजे कानही नाहीत आणि डोळेही नाहीत. मी आणलेलं बोलणं ठेवू कुठं? वहिनी म्हणाल्या, "बोला तुम्ही. त्यांना कळतं." मी तुमचा हात घेतला आणि माझ्या गळ्याजवळ धरला. बोललो की हाताला काहीतरी लागेल, एवढाच विचार. म्हणालो, "बाई, मी भागिनाथ. आरेफाला सिल्लोडच्या शाळेत नोकरी लागली. नाटक बसवतीये पोरांचं." माझा आवाज चिरकत होता. घशात अडकत होता.

तुमची बोटं हलली. मला वाटलं हात सोडवून घेताय. पण तुम्ही तो हात माझ्या गळ्यावरून खाली आणलात, छातीवरून, सावकाश, आणि पोटावर आणून ठेवलात. आणि तळव्यानं एकदा दाबलंत.

मला हसू आलं, बाई. रडू थांबलं. मी पाय रोवून उभा राहिलो, पोटात श्वास घेतला, आणि जे बोलायचं होतं ते बोललो. तुम्ही मला बोलता केलंत. मी आज जो कुणी आहे तो तुमच्यामुळं आहे. शेवटचं अक्षर गिळलं नाही. तळव्याखाली तुम्हाला ते लागत होतं, कारण मास्कच्या आत तुमचे गाल वर गेले. वहिनींनीही बघितलं.

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. नर्स पळत आली. "दादा, हळू! पेशंट आहेत इथे. हळू बोला."

मी हळू बोललो नाही.